न लावलेला फोन

तरुणांवरच्या चित्रपटाचा उगम तरुणांच्या बंडात असतो, असं मी व्याख्यानांतून सांगत आलो आहे. आमच्या चित्रपटाचा उगम शनिवार पेठेतल्या एका कार्यालयात झाला. आम्ही चौघे होतो. त्यातल्या सर्वांत तरुणाला डॉक्टरांनी नुकतंच जिने चढायला मनाई केली होती.

पटकथा माझ्याकडे होती. तिसऱ्या बैठकीत दिग्दर्शक म्हणाला, "सर, घरात सोळा वर्षांची मुलगी आहे आणि आपण संदर्भग्रंथ चाळताय?"

रविवारी सकाळी मटार सोलताना मी मुलीला कॉलेजबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने आणखी चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "कुणाला सांगणार नाहीस ना?"

अकरावीत मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या जिन्यावर बसायची आणि कुणालाही न लावलेला फोन कानाशी धरून बोलत राहायची. एकटी दिसू नये म्हणून. वर्षभर.

"कुणाशी बोलायचीस?"

"बऱ्याचदा तुझ्याशी."

मटार संपल्यावर मी आत जाऊन ते टिपून ठेवलं.

बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा दिग्दर्शकाने हातातला कप खाली ठेवला. एवढा मान त्याने माझ्या कुठल्याच वाक्याला दिला नव्हता. "फक्त जरा हलकं करू," तो म्हणाला. त्यामुळे पडद्यावर नायिका जिन्यावर फोनवर बोलत असते, समोरून नायक येतो आणि तेवढ्यात कानाशी धरलेला तो फोन वाजतो.

ट्रेलर आला त्या दिवशी मुलगी बारावीचे तास सोडून लवकर घरी आली. जिन्यावर फोन घेऊन बसणारी कोण, हे वर्गातल्या मुलींना ठाऊकच होतं. फोन खोटा होता, हे त्यांना ट्रेलरमधून कळलं.

"फोनचं कुठून सुचलं तुला, बाबा?"

"निरीक्षण," मी म्हणालो. याहून वाईट उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

"छान. आता अख्ख्या वर्गाचं निरीक्षण झालं."

तेव्हापासून ती मला 'हो', 'नाही' आणि 'जेवले' एवढंच सांगते.

दिग्दर्शकाने पहिल्या खेळाचे दोन पास पाठवले. एकाच्या पाकिटावर 'आमच्या प्रेरणास्थानासाठी' असं लिहिलं होतं. तो तिला द्यावा की न द्यावा, याचा मी दोन दिवस विचार केला. पण शिव्या फार असल्यामुळे चित्रपट 'फक्त प्रौढांसाठी' ठरला आणि तिला अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत.