हेडलाइटची तक्रार

सात वर्षांत माझ्या मोटरसायकलने मला एकदाच रस्त्यात अडकवलं. बुंदीहून येताना चहाच्या टपरीपाशी बॅटरी बसली. एका जीपवाल्याने केबल जोडून गाडी चालू करून दिली आणि मी जेवायला घरी पोहोचले. बाकी चेन दोनदा बदलली, टायर तीनदा. जयपूरच्या उन्हाळ्यात सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाचा पंखा गरम हवा थेट मांड्यांवर फेकायचा. सुट्या भागांसाठी कधीकधी महिना महिना थांबावं लागायचं. पण एवढ्या मोठ्या गाडीचं एवढं चालायचंच.

मी मूळची साताऱ्याची, विमा कंपनीत अधिकारी. बदलीने जयपूरला आले, प्रताप नगरमध्ये घर घेतलं आणि चाळीस पूर्ण झाल्यावर लांबच्या प्रवासाची ही गाडी घेतली. कॉलनीतली माणसं पहिले दोन महिने बघत राहिली, मग त्यांना सवय झाली. नवऱ्याला गाडीवर मागे बसायची भीती वाटायची, त्यामुळे मी एकटीच जायचे. पहाटे निघायचं, पुष्करला नाश्ता करून परत यायचं. वर्षातून एकदा जैसलमेर, चित्तोड असं काहीतरी लांबचं. मला दुसरा कसलाच शौक नव्हता.

सहाव्या वर्षी हेडलाइटची तक्रार सुरू झाली. थंडीच्या दिवसांत मालवीय नगरच्या ऑफिसातून निघायला सहा वाजायचे आणि समोरचा रस्ता राखाडी व्हायचा. दिवा लागलेला असायचा, पण उजेड पडतोय असं वाटायचंच नाही. सांगानेरच्या रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री होते, माझी गाडी पहिल्यापासून तेच बघायचे. त्यांनी बल्ब बदलला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी वायरिंग तपासलं. तिसऱ्या खेपेला दिव्याचा रोख थोडा खाली केला.

मग आरशांबद्दल कुरकुर सुरू झाली. डावीकडून रिक्षा एकदम अंगावर यायच्या, कुठून यायच्या कळायचं नाही. मी रिक्षावाल्यांना शिव्या घालायचे. एका संध्याकाळी घराच्या फाटकाच्या खांबाला गाडीच्या बाजूची सामानाची पेटी घासली.

नवरा म्हणाला, "अगं, रोज याच फाटकातून आत येतेस की."

"आरसा हलतोय. मिस्त्रींना सांगितलंय मी," असं तोडून बोलून मी आत गेले.

चौथ्यांदा गेले तेव्हा मिस्त्रींनी गाडी मागच्या शेडमध्ये घेतली, शटर अर्धं ओढलं आणि हेडलाइट लावला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला. चांगला लख्ख होता, मलाही दिसला. मी म्हटलं, "इथे ठीक वाटतोय, पण रस्त्यावर..." उत्तर आलं नाही. मी वळून दाराकडे पाहिलं. ते बाहेर गेले असावेत असं वाटून मी हाक मारली, "मिस्त्रीजी?"

"यहीं हूँ, मॅडमजी," आवाज माझ्या अगदी जवळून, डाव्या हाताकडून आला. ते तिथे हात पुढे करून उभे होते. हातात पांढरं फडकं होतं. ते फडकं ते कितीतरी वेळ हलवत होते.

त्यांनी शटर वर केलं. हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी में कोई खराबी नहीं है. आप आँख दिखाइए. और आज घर से किसी को बुला लीजिए."

मी नवऱ्याला फोन केला. तो येईपर्यंत मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. मला त्यांचा खूप राग आला होता.

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. दृष्टिपटलाचा आजार होता. आधी रातांधळेपणा येतो, मग कडेचं दिसेनासं होत जातं, मधलं पुष्कळ वर्षं टिकतं. सध्या औषध नाही, गाडी मात्र आजपासून बंद. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला होतं का? आई, वडील?"

मी नाही म्हणणार होते. तोंडातून शब्द निघायच्या आत मला अण्णा आठवले.

अण्णा दिवस मावळला की घराबाहेर पडायचे नाहीत. आम्ही भावंडं त्यांना चिडवायचो, "अण्णा म्हणजे कोंबडी, अंधार पडला की खुराड्यात." तेही हसायचे. कॉलेजात असताना एकदा क्लास उशिरा सुटला, एसटी चुकली, मी फोन करून त्यांना स्कूटर घेऊन यायला सांगितलं. ते आले नाहीत. मैत्रिणीच्या वडिलांनी मला घरी सोडलं. जेवताना मी म्हटलं, "लोकांचे वडील येतात." अण्णा ताटाकडे बघत भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी उठून त्यांनी स्कूटर पुसून दारात उभी केली होती आणि ते म्हणाले, "चल, सोडतो." मी बसने गेले.

अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांना स्वतःला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

दोन दिवसांनी मी दादाला फोन केला. मोठा भाऊ, साताऱ्यातच असतो. सगळं सांगून म्हटलं, "तूही डोळे दाखवून घे."

"मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय डॉक्टरांनी," तो म्हणाला.

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"तू ते जैसलमेरचे फोटो पाठवले होतेस ना तेव्हा. वाळूत गाडीशेजारी उभी. रोज ठरवायचो, उद्या सांगू."

"दादा, मी तशीच चालवत होते रे. कोणीतरी मेलं असतं माझ्या हातून."

तो रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही, फोन ठेवून दिला. पुढचे चार महिने आम्ही बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण त्या फोनचा विषय अजून दोघंही काढत नाही.

गाडी अजमेरच्या एका डेंटिस्टबाईंनी घेतली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. सकाळी आल्या, तासभर बारकाईने बघत होत्या. चेनला तेल किती दिवसांनी, थंडीत चालू करताना काय करायचं, सगळं मी सांगितलं. "इतनी अच्छी रखी है, फिर बेच क्यों रही हैं?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. हेल्मेट घालताना त्यांचा पट्टा दोनदा निसटला. गाडी कॉलनीच्या वळणावर गेल्यावर नवरा म्हणाला, "चल, आत चल," आणि बराच वेळ आम्ही तिथेच उभे राहिलो.

आमची मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांत आत्ता काही दिसत नाही, पण दर वर्षी या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. यंदा मीच तिला घेऊन गेले, म्हणजे खरं तर तीच मला हाताला धरून घेऊन गेली. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, "आई, मतलब, तू एकदम धूसर दिसतेयस."

थेंबांमुळे तसं होतंच, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आई, दुखतंय."