वडील दौलत रामजी, अपत्य स्त्री

तुमची जन्मतारीख तुम्हाला सांगितली कोणी? मास्तरांनी सांगितली असेल तर ती एक जून असणार. आमच्या घोडपदेवच्या चाळीत एक जूनला जन्मलेली चौतीस माणसं आहेत. त्या दिवशी सुईण जेवायला तरी बसली असेल का, हे कोणी विचारत नाही. हसू नका, आपला दाखला काढून बघा.

रखमा जयवंत तांबे मात्र एक जूनवाली नव्हती. तिच्या तिसरीच्या दाखल्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, अकरा मार्च एकोणीसशे वीस. सगळा घोटाळा त्या स्वच्छ अक्षराने केला.

रखमा आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत राहते. नवरा जयवंत गिरणीत, कापडाच्या साच्यावर, म्हणजे मागावर. ती परळच्या एका प्रसूतिगृहात आया होती. आया म्हणजे काय ते पुरुष वाचकांसाठी सांगतो. बाळंतीण ओरडते तेव्हा जिचा हात ती पिरगाळते ती आया. नंतर फरशी धुते तीही तीच, आणि पेढे वाटताना जी कोणाला दिसत नाही तीही तीच. पाच वर्षं हे केल्यावर तिने ठरवलं की आपण नर्स व्हायचं. नर्सिंगच्या कोर्सला सातवी लागत होती. रखमा तिसरी. तिने रात्रशाळेत नाव घातलं.

"आणि भाकऱ्या कोण थापणार?" जयवंतने विचारलं.

"तुम्ही."

दोन महिने अख्ख्या मजल्याने त्याच्या भाकऱ्यांचे आकार पाहिले. पुढे त्याचा हात बसला.

चार वर्षांनी, छप्पन्न साली, ती सातवी पास झाली. गणितात बासष्ट मार्क. कोर्सचा फॉर्म आणला तर त्यात अट होती, वय पस्तीसच्या आत, आणि फॉर्म द्यायचा पंधरा जूनपर्यंत. दाखल्याप्रमाणे बाई छत्तीस. खरं वय बत्तीस. कारण तिची आई रमाबाई कायम सांगायची की बोनसचा मोठा संप झाला तेव्हा रखमी रांगत होती, आणि तो संप चोवीस सालचा. आमच्याकडे लोक लग्नाची तारीख विसरतील, संपाची नाही.

"राहू दे, पुढच्या साली बघू," जयवंत म्हणाला.

"पुढच्या साली काय, कागदावर मी लहान होणार आहे?"

मी समितीच्या शाखेत अर्ज लिहायचं काम बघतो. मी तिला तीन पानी अर्ज लिहून दिला. त्यात मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी दोनदा आली होती. रखमाने तो उभ्या उभ्या वाचला आणि दोन पानं मला परत दिली. "रघुभाऊ, ही मुंबई मिळाल्यावर पाठवा."

तेरा जूनला जन्माची नोंद काढायला आम्ही वॉर्ड कचेरीत गेलो. कारकून पेन्शनीला टेकलेला, नाक गळणारा. त्याने एकामागून एक जाड वह्या उलटल्या आणि एक सोडून दोन नोंदी काढून दिल्या. अकरा मार्च एकोणीसशे वीस: वडील दौलत रामजी, आई रमा, घोडपदेव, अपत्य स्त्री. ऑगस्ट एकोणीसशे तेवीस: वडील दौलत रामजी, आई रमा, घोडपदेव, अपत्य स्त्री. नावाचा रकाना दोन्हीकडे कोरा.

"यातल्या तुम्ही कुठल्या?"

"दुसरी," रखमा म्हणाली.

"शाळेच्या दाखल्यावर तर पहिलीची तारीख आहे."

"मग पहिली कोण? मी एकुलती आहे."

"बाई, एकुलत्या पोरीला सरकार दोनदा जन्माला घालत नाही. पहिल्या तुम्ही. दुसरी तुमची धाकटी बहीण. ती कुठे असते?"

इथे माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. कारकुनाने शांतपणे वही मिटली, नाक पुसलं आणि म्हणाला, "उद्या या."

उद्या हरताळ होता. तो आम्हीच पुकारलेला. त्या भागातल्या कचेऱ्या उघडू द्यायच्या नाहीत ही जबाबदारी माझ्यावर होती आणि ती मी चोख पार पाडली. रखमाकडे दोन दिवस उरले होते. त्यातला एक मी घोषणा देत खाल्ला.

हरताळाच्या दुपारी मी त्यांच्या दारात खाली मान घालून बसलो होतो. रमाबाई लसूण सोलत होती.

"आये, तुला मुली किती झाल्या?" रखमाने विचारलं.

"तू एक."

"माझ्या आधी?"

"आधी एक होती. आठ दिवस होती."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तू तिला ओळखत होतीस?"

"नाव काय होतं तिचं?"

"नाव बाराव्याला ठेवतात. ती थांबली कुठे बाराव्यापर्यंत?"

मग बाकीचं बाहेर आलं. पहिलं मूल म्हणून दौलतने हौसेने जन्माचा दाखला काढून ट्रंकेत जपून ठेवला होता. रखमाच्या वेळी हौस फिटली होती. तिला शाळेत घालताना मास्तरांनी दाखला मागितला. घरात एकच होता, तो दिला. सात वर्षांची पोर त्या दिवशी दहा वर्षांची झाली. मास्तर फक्त एवढंच म्हणाले की पोर अंगाने बारीक आहे. पुढे बाराव्या वर्षी लग्न लावलं, तेव्हा कोणीतरी शारदा कायद्याची भीती घातली, चौदाच्या आतल्या पोरीचं लग्न लावलं तर गुन्हा. तोच कागद दाखवला. कागदावर ती पंधराची होती. कायद्याचं समाधान झालं.

"आये, नाळ कशाने कापलेली तिची?"

"विळ्याने. आणि वर चुलीतली राख."

"राख?"

"तुला पण तीच लावलेली. काय झालं तुला? घोडी झालीस तरी शाळेत जातेस."

रखमाने आईच्या पुढ्यातला लसूण ओढला आणि सोलायला बसली.

पंधरा तारखेला सकाळी ती मला कचेरीच्या पायरीवर म्हणाली, "तुम्ही बाहेर उभे राहा. तोंड मिटून." मी राहिलो. आतलं तिने नंतर सांगितलं.

तिने कारकुनाकडे वीस सालची मृत्यूची वही मागितली. त्याला ती सापडायला तास लागला. एकोणीस मार्च. वडील दौलत रामजी. घोडपदेव. स्त्री. वय दिवस आठ. कारण धनुर्वात.

"म्हणजे दुसऱ्या तुम्ही," कारकून म्हणाला.

"हो."

"मग परवाच सांगायचं नाही का?"

"परवा मला माहीत नव्हतं."

त्याने तिन्ही नोंदींच्या नकला स्वतः लिहिल्या, शिक्के मारले. देताना मृत्यूची नक्कल वर ठेवली होती ती काढून खाली ठेवली.

फॉर्म पावणेपाचला पोचला. खिडकी पाचला बंद होत होती. पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. बाकावर सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली. एकीने रखमाला विचारलं, "काकू, तुमची मुलगी आत गेलीय का?" मेट्रनने प्रत्येकीला विचारलं की नर्स का व्हायचं. पोरी सेवा म्हणाल्या, देश म्हणाल्या.

रखमा म्हणाली, "नाळेवर राख लावतात. ती बंद करायची आहे."

"बस? एवढंच?"

"एवढंच पुष्कळ पडेल, बाई."

मेट्रनने फॉर्मवर सही केली.

यंदा कोर्स पुरा करून ती कॉटन ग्रीनच्या बाजूला एका दवाखान्यात लागली आहे. बाळंतपणाला घरोघर जाते. पिशवीत उकळलेली कात्री, उकळलेला दोरा. मुलगी झाली की हात धुऊन ती बापाला विचारते, कचेरीत नाव कधी घालणार? बाप म्हणतो, बारसं होऊ दे, मग बघू. बारसं होतं, पेढे नाहीत तर गूळ वाटतात, पाळण्यावर नाव ठेवतात, आणि सरकारच्या वहीत रकाना कोराच राहतो. ही तक्रार तिची आहे, मी फक्त लिहून काढतोय.

तेव्हा तुम्हाला एक सांगतो. तुमच्या घरात मुलगी जन्माला आली असेल, तर तिचं नाव एका चिठ्ठीवर लिहा, वॉर्ड कचेरीत जा आणि समोर उभं राहून ते वहीत चढवून घ्या. या आठवड्यात जा.