सालो छपरावर चढते

सालो तिर्कीची उमेदीची वर्षं घमेली वाहण्यात गेली. रांचीच्या मिस्त्रींना माल पोचवायचा आणि जाता-येता त्यांचे हात बघायचे. बघता बघता तिने थापी उचलली, ती पुन्हा खाली ठेवली नाही. नवरा गेल्यावर ती गुमल्याकडच्या आपल्या माहेरी परतली. तेव्हापासून गावच्या बायकांना भिंत, गिलावा, ओळंबा शिकवून ती रांचीला मिस्त्रींच्या हाताखाली उमेदवारीला धाडते. शिकवताना तोंडाचा पट्टा चालूच.

"ही भिंत आहे की हंडिया ढोसलेला दीर? जरा सरळ उभी कर."

जिरमनी तिची सगळ्यांत लाडकी. पोरीचा हात असा साफ की सालोलाच हेवा वाटायचा. पण रांचीच्या ठेकेदाराचा निरोप आला: छपरावर चढणारीच घेईन, सोमवारी गावात येऊन बघतो. जिरमनीचा चेहरा उतरला. बाई नांगराला शिवली किंवा छपरावर चढली तर पाऊस रुसतो, ही उरांव आदिवासींची जुनी बंदी. मोडली तर गावाला बोकड द्यायचा. पावसाला बायकांचंच एवढं काय वावडं, कोण जाणे.

"दीदी, रांचीत तू चढायचीस, तिथे कोण बघायला होतं?" जिरमनी म्हणाली. "गावात कधी चढलीस?"

दंड लावणारा पाहन, गावचा पुजारी, सालोचाच बाप होता. त्याचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तिने बापाच्याच घराला शिडी लावली. म्हातारा अंगणात आला.

"बाबा, कौलं फुटलीत. बदलते."

म्हाताऱ्याने वर छपराकडे बघितलं.

"मी बघितलं तर दंड लावावा लागेल," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. मग चाचपडत पुढे आला आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

सालो चढली. वर पोचल्यावर तिला रडू आवरेना. बापावर इतकी माया तिला कधी दाटून आली नव्हती.

"डावीकडे पाय देऊ नकोस," खालून आवाज आला. "तिथला वासा कुजलाय."

थोड्या वेळाने शिडीवर दुसऱ्याच कुणाचं पाऊल पडलं.

"आता कोण?"

"मी, जिरमनी."

"मला काय दिसतंय?" म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला. "पण हात अजून दुखले नाहीत माझे. चढ, पोरी."