कॉफीच्या फिल्टरमधली आई

अण्णा, म्हणजे माझे वडील, जाहिरातींसाठी भांड्यांचे फोटो काढायचे. परवा कोरमंगलातल्या एका प्रदर्शनात त्यांना 'प्रकाशाचे जादूगार' म्हणून भिंतीवर चढवलं होतं. कसली जादू! खिडकीतला उजेड स्टीलवर नीट पडावा म्हणून माझी आई अण्णांचं पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून समोर उभी राहायची. हात भरून यायचे, स्टोव्हवर दूध उतू जायचं, आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून अण्णा ओरडायचे, "स्वल्प मागं सर, दिसतीस तू!" स्टीलमध्ये ती दिसली की फोटो वाया.

एकदाच ती फोटोत राहून गेली. कॉफीच्या स्टीलच्या फिल्टरच्या गोल अंगावर, तांदळाच्या दाण्याएवढी. धोतराची कड, तिच्यावर डोकं आणि दोन मुठी. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही आणि कॅलेंडर छापून गेलं. आईनं ते कित्येक वर्षं स्वयंपाकघरात टांगून ठेवलं. येईल त्या बाईला बोट ठेवून सांगायची, "ही मी." लग्नानंतर अण्णांनी तिचा वेगळा फोटो कधी काढलाच नाही. त्याचा राग मला आजही येतो. भांड्यांसाठी फिल्म होती, बायकोसाठी नव्हती.

प्रदर्शनाला त्या फोटोची निगेटिव्ह मीच दिली. फोटो माणसाच्या उंचीचा होणार हे कळल्यावर आईला म्हणाले, "आता तू बोटाएवढी दिसशील बघ." पंच्याऐंशीची आई इरकल नेसून कॅबमध्ये बसली. मारतहळ्ळीपासूनचा सगळा ट्रॅफिक तिनं न कुरकुरता सोसला.

चष्मा पुसून ती फोटोजवळ गेली. वरून खाली शोधलं, परत शोधलं. फिल्टर लख्ख होता. त्यात कुणीच नव्हतं.

प्रदर्शन मांडणारी पुण्याची मुलगी हौसेनं मला म्हणाली, "त्यात डागासारखा एक स्मज होता काकू, आम्ही रिटच करून टाकला. आता किती क्लीन वाटतंय ना?"

"सरी, असू दे," आई म्हणाली. "भांडं बरं घासलंय."

"थँक यू, आजी!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. तो स्मज कोण होता, हे मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला, पण मला दया आली नाही. फोटोखालच्या पाटीवर आईचं नाव अण्णांच्या आधी लिहा, नाहीतर फोटो उतरवा, म्हणाले.

आईनं मला गप्प केलं नाही. काठी माझ्याकडे देऊन तिनं दोन्ही मुठी डोक्यापर्यंत वर नेल्या.

"धोतर असं धरायची," ती त्या मुलीला म्हणाली. "हात खाली आला की हे ओरडायचे."