वरच्या आळीची चावी

बटणकाकांना बटणकाका का म्हणायचे ते आमच्या नगरपालिकेत नव्या माणसालाही पहिल्या दिवशीच कळायचं. तो खुर्चीतून उठला की हे मागोमाग हजर. पंखा बंद, दिवा बंद. माणूस नुसता तोंड धुवायला गेला असला तरी बंद. एकदा जुने साहेब भर सभेत बोलायला उभे राहिले आणि काकांना त्यांची खुर्ची रिकामी दिसली. त्यांनी डोक्यावरचा पंखा बंद करून टाकला. आम्ही आठवडाभर हसत होतो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बटणं हा नुसता स्वभाव. काम त्यांचं पाण्याचं. पंपघर, टाकी आणि गावभर रस्त्यांखालून गेलेली नळाची लाइन, सव्वीस वर्षं हे सगळं त्यांच्या ताब्यात होतं. रोज पहाटे, गाड्यांची ये-जा सुरू व्हायच्या आत, ते एक लांब सळई घेऊन निघत. सळईच्या वरच्या टोकाला लाकडी गोटा बसवलेला. सळई रस्त्यावर टेकवायची, गोट्याला कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. लाइनीतून पाणी नीट जात असलं तर एक आवाज, कुठे गळत असलं तर दुसरा. मीही एकदा कान लावून पाहिला. मला माझ्या छातीतली धडधड तेवढी ऐकू आली. काकांना मात्र चार हात खाली चमचाभर पाणी गळत असलं तरी कळायचं, आणि दुपारच्या जेवणाआधी ते खणून, सांधा बदलून, वर माती चोपून मोकळे होत.

त्यामुळे आमचा पंप दिवसाला पाच तास चालायचा. शेजारच्या गावांत चौदा-चौदा तास चालतात. आणि त्या पाच तासांत पाणी वरच्या आळीपर्यंत पोचायचं. वरची आळी म्हणजे गावाचा सगळ्यात उंच भाग. चढ असा की सायकलवाला खाली उतरून सायकल ढकलतो. नव्वद घरं, आणि शेवटचं घर काकांच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळी आळी ताईच म्हणायची. नवरा गेलेला, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. काका मला नेहमी सांगायचे, "भाऊसाहेब, वर पाणी चढतं ते पंपाच्या जोरावर नाही. खाली गळत नाही म्हणून चढतं." हे एक वाक्य सोडलं तर त्यांनी आयुष्यात कधी स्वतःची बढाई मारली नाही.

मी तेव्हा पाणी खात्यात कारकून होतो. पत्रं टाइप करायचो आणि बढतीची वाट बघायचो.

मग नवे साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग सरकारची ती योजना आली. जी नगरपालिका वर्षभरात आपला वीज-पाण्याचा वापर सगळ्यात जास्त कमी करून दाखवील तिला पर्यावरणाचा पुरस्कार आणि दरसालचं अनुदान. साहेबांनी शहरातून एक सल्लागार बाई बोलावल्या. बाई हुशार, बोलायला गोड. त्यांनी जुन्या नोंदी मागितल्या.

काकांना सव्वीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. पंपघरातल्या सगळ्या वह्या त्यांनी दोन खेपांत जिना चढून वर आणल्या आणि बाईंना दोन तास समजावून सांगितलं: पंप कधी लावायचा, मध्ये किती वेळ थांबायचं, गळती कशी ऐकायची. बाई मनापासून चकित झाल्या. म्हणाल्या, असं काम मी कुठेच पाहिलेलं नाही. काकांचा चेहरा त्या दिवशी जसा फुलला होता तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांच्या त्या दोन तासांनीच सगळा घात केला.

कारण संध्याकाळी बाईंनी साहेबांना सांगितलं की तुमच्याकडे कमी करण्यासारखं काही उरलेलंच नाही. गुण मिळतात ते वापर किती कमी केला त्याला, किती कमी आहे त्याला नाही. शेजारची गळकी नगरपालिका सहज तीस टक्के कमी करून दाखवील, आणि तुम्ही जिवाचं रान केलंत तरी दोन टक्के. दार उघडं होतं, मी बाहेर बसून ऐकत होतो. मला त्यात गंमत वाटली, हे कबूल करतो. घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि दोघं हसलो.

साहेबांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी मला बोलावून आदेश सांगितला. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या असल्याने ग्राह्य धरू नयेत. नवे मीटर बसवावेत. येत्या चार महिन्यांचा वापर हा मूळ वापर समजावा, आणि त्या काळात लाइनीची कोणतीही दुरुस्ती करू नये. गळती झाली तर काय, असं मी विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "गळती ही आपली खरी परिस्थिती आहे. आपल्याला खरी परिस्थितीच मोजायची आहे."

दुसऱ्या ओळीलाच मला सगळा डाव कळला होता. माझ्या बढतीची फाइल त्याच टेबलावर, साहेबांच्या कोपराखाली होती. मी आदेश टाइप केला. एक शब्द चुकला होता तो दुरुस्त करून पुन्हा टाइप केला.

काकांची रजा डोंगराएवढी साठलेली होती. त्यांना चार महिने रजेवर पाठवलं आणि व्हॉल्व्ह फिरवायची चावी, ती छातीएवढी उंच लोखंडी चावी, कपाटात कुलपात ठेवली. जाताना काका माझ्या टेबलाशी आले. "चार महिने कुणीच ऐकणार नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आदेश आहे. ते माझ्यामागच्या रिकाम्या खोलीतला दिवा बंद करून गेले. शिपायाने तो लगेच लावला. त्याला तशी ताकीद होती.

पंप आधी आठ तास चालला, मग बारा, मग अठरा. कचेरीतले दिवे भर दुपारी जळत होते. तिसऱ्या आठवड्यात वरच्या आळीतल्या शेवटच्या दहा घरांचं पाणी बंद झालं, सहाव्या आठवड्यात अख्ख्या आळीचं. तोटी सोडली की नुसती हवा यायची. बाया-बाप्ये, म्हातारी माणसं खालच्या चौकातल्या नळावर रांग लावायची आणि घागरी, कॅन घेऊन तो चढ चढायची.

काका रजेवर होते, पण सळई त्यांची स्वतःची होती. ती कुणी कुलपात ठेवली नव्हती. पहाटे ते गावभर फिरायचे, आणि जिथे गळती ऐकू येईल तिथे रस्त्यावर खडूने गोल काढायचे. दर सोमवारी यादी करून माझ्याकडे आणायचे. साहेब म्हणाले, घेत जा, उगाच नाराज करू नका. मी घेत होतो आणि फाइलला लावत होतो.

ताईचं पाणी काका स्वतः वर नेत. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दोन्ही हातांत दोन कॅन, दिवसातून तीन खेपा. एका घरापुरतं ते जमत होतं. उरलेली एकोणनव्वद घरं गच्चीतून, दारातून बघत होती, आणि आळीत कुजबुज सुरू झालीच होती: याच्या बहिणीला पाणी मिळतं, आपल्याला नाही, पाणीवाला मजेत रजेवर बसलाय.

रजेच्या एका कागदावर सही राहिली होती, ती घ्यायला मी ताईकडे गेलो. काका नुकतेच कॅन टेकवून धापा टाकत होते. ताईने मला बसायला खुर्ची दिली आणि माझ्यासमोरच भावाला धारेवर धरलं.

"तू रजेवर का आहेस?"

"रजा शिल्लक होती."

"ती सव्वीस वर्षं शिल्लकच होती. तुला कामावरून काढलंय का?"

"नाही."

"मग मुद्दाम बसलायस? लोकांचे हाल होताना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कचेरीतली गोष्ट बाहेर बोलायची नाही असं त्यांना लेखी बजावलं होतं. तेही पत्र मीच टाइप केलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तरी त्या बाईला खरं कळलं असतं. मी कागद पुढे केला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

ताई म्हणाली, "उद्यापासून माझं पाणी आणू नकोस. मी सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहीन." आणि ती राहिली. त्या गुडघ्यांनी राहिली. मी ते कचेरीच्या खिडकीतून रोज बघत होतो. कामात लक्ष लागायचं नाही, म्हणून मी टेबल हलवून घेतलं.

चार महिने पुरे झाले आणि ठेकेदार आला. त्याच्याबरोबर पेटीत घातलेलं एक यंत्र होतं. ते पहिल्या दिवशी अर्धा तास चाललं. मग त्याच्या माणसांच्या लक्षात आलं की या गावात खडूचे गोल आहेत तिथेच खणायचं. पुसट झाले होते तिथे माझ्या फाइलीतल्या याद्या कामी आल्या. नऊ दिवसांत एकतीस ठिकाणं दुरुस्त झाली, वरच्या आळीत पुन्हा पाणी चढलं आणि काका कामावर परतले. अहवालात लिहिलं, आधुनिक ध्वनितंत्राने गळतीचा शोध. वर्षाअखेर वापर साठ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे पूर्वी काकांच्या हाताखाली होता तिथेच परत आला, किंवा त्याहून जरा वरच. पण ते सांगणाऱ्या वह्या ग्राह्य नव्हत्या. पुढे त्या रद्दीत गेल्या. रद्दीत काढायच्या आदेशावर सही माझी आहे.

पुरस्कार मिळाला. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले, सल्लागार बाईंचे, ठेकेदाराचे, माझेसुद्धा. ते भाषण मीच लिहून दिलं होतं आणि त्यात काका नव्हते. नवा पर्यावरण कक्ष निघाला, त्याचा प्रमुख मी झालो. मला स्वतंत्र खोली मिळाली.

पुरस्कार पचतो न पचतो तोच दुसऱ्या वर्षाचं पत्र आलं. अनुदान चालू ठेवायचं तर आणखी दहा टक्के कमी करा. आता गळती उरली नव्हती. बाईंनी पुन्हा आकडे मांडले आणि दाखवलं की एक बादली पाणी वरच्या आळीत चढवायला खालच्यापेक्षा चौपट वीज लागते. वरची लाइन बंद करून दर तिसऱ्या दिवशी टँकर पाठवला तर दहा टक्के सहज होतात. टँकरच्या डिझेलचं काय, एवढं विचारायची लाज माझ्यात शिल्लक होती. बाई म्हणाल्या, टँकर ठेकेदाराचा आहे, तो आपल्या मोजणीत येत नाही.

वरच्या आळीचा व्हॉल्व्ह कुठल्या खड्ड्यात आहे ते काकांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा महिना. मला वाटत होतं ते नाही म्हणतील. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं, म्हणजे निदान कुणीतरी नाही म्हटलं असं झालं असतं. त्यांनी आदेश वाचला, चष्मा काढला, आणि चावी मागितली.

मी बरोबर गेलो. चढाच्या तोंडाशी भिंतीलगत झाकण होतं, त्यावर वीतभर माती. काकांनी ते साफ केलं, आत उतरून व्हॉल्व्हला ग्रीस लावलं आणि चावी बसवली. मला राहवलं नाही. तुम्ही कशाला करता, दुसरा कुणी करील, असं मी म्हणालो.

"दुसरा जोर लावून फिरवील," ते म्हणाले. "आटे जातील. मग हा पुन्हा कधी उघडायचा नाही. मी बंद केला तर उघडेल."

ताई काठी टेकत खाली आली होती. तिच्यामागे आळीतली दहा-बारा माणसं. कुणी आरडाओरडा केला नाही. वर्षभर तिने भावाशी अबोला धरला होता.

"तूच करतोयस?" तिने विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली. "नीट कर."

काका थांबत थांबत चावी फिरवत राहिले. मी आटे मोजले. बावीस.

निवृत्तीच्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. वहीतून फाडलेला एक कागद त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर खड्डा कुठे आहे त्याची आकृती होती आणि खाली लिहिलं होतं: डावीकडे बावीस आटे, अकराव्याला थांबायचं, हवा निघून जाऊ द्यायची, मग पुढे, वर्षातून एकदा ग्रीस. म्हणाले, "साहेब बदलतील. कुणीतरी विचारील. तेव्हा हे द्या." मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. ग्रीस लावायला कुणी गेलं नाही. दोन वर्षांनी काका गेले. ताई टँकरच्या रांगेत असते, तिला आता कुणीतरी स्टूल आणून देतं.

साहेब खरंच बदलले. हल्लीच्या साहेबांनी तर आल्याआल्या पहिल्याच सभेत विचारलं, वरच्या आळीला जुन्या लाइनीने पाणी देता येईल का? माणूस सरळ आहे, डिझेलचा प्रश्नही त्यानेच काढला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाइन उघडली तर आकडा चढणार, आणि पाच वर्षं तो आकडा माझ्या नावावर आहे, त्याची प्रमाणपत्रं माझ्या खोलीत भिंतीवर आहेत. मी म्हणालो, साहेब, लाइन फार जुनी आहे, आणि तिची माहिती असलेला माणूस आता हयात नाही. साहेबांना वाईट वाटलं. टँकरच्या फेऱ्या आठवड्याला दोनाऐवजी तीन कराव्यात असं ठरलं, आणि ठरावाचा मसुदा मी लिहून दिला.