लेकीच्या गाडीचा सैल पट्टा

२०२३ साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो, आधार कार्डावर. खरं किती ते सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. त्यामुळे कुठं काना-मात्रा चुकली तर तुमची तुम्ही लावून घ्या. मला विचारायचं तर गाडीच्या सीटबद्दल विचारा. भोकरात चाळीस वर्षं मी जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या सीटा केल्या. माझ्या गादीवर बसून नांदेडपर्यंत गेलेला माणूस उतरताना कंबर धरत नाही. हे मी सांगत नाही, गिऱ्हाइकं सांगतात.

धाकटी लेक लातूरला असते. तिनं आणि जावयानं लिलावात एक जुना ट्रक घेतला. चारही चाकं ओढणारा. म्हटलं शेताला घेतला असंल, तर नाही. रस्ता सोडून, दगडाधोंड्यांतून, चिखलातून गाड्या पळवायची शर्यत असते म्हणे. चालवणार लेक, आणि जावई शेजारी बसून वाट सांगणार. गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून आत जाड पाईपांचा पिंजरा त्यांनी लातुरातच बसवून आणला होता. राहिलं होतं दोन सीटा आणि पट्टे. शर्यत येत्या रविवारी. आधी गाडी तपासतात, सीट-पट्टा नापास झाला तर मैदानातही घेत नाहीत.

लातुरात काय कारागीर नाहीत? पण लेक माझ्याकडं आली. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

तिनं आणलेल्या सीटा फायबरच्या, कडक. बोटानं वाजवून बघितल्या.

"ही सीट हाय का घमेलं?"

"आबा, अशीच असती ती. अंगाला घट्ट धरती. तुम्ही निस्ती बसवा, गादी घालू नका."

गादी घालू नका! मला!

काम मात्र मी चोख केलं. सीटचे बोल्ट पत्र्यातून उपसू नयेत म्हणून खालून जाड पट्ट्या लावल्या. प्रत्येक सीटला चार पट्टे होते. दोन खांद्यावरून येऊन मागच्या आडव्या पाईपाला, दोन कमरेवरून येऊन खाली, आणि चारींचं कुलूप पोटावर. एकेक बोल्ट असा आवळला की पान्ह्यालाच घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई नांदेडला बाजारात गेले आणि माझा हात शिवशिवायला लागला. चार बोटं जाडीचा स्पंज कापला, लाल रेक्झिन चढवलं, पांढरी कड शिवली. दोन्ही सीटा नवरीसारख्या दिसायला लागल्या. मग पट्टे धरले. आमच्या घरी देवणी बैलांची जोडी होती. औताला जुंपताना बैलाच्या मानेखालून जोतं बांधतात. वडलांनी मला ते बांधायला शिकवलं तेव्हा आधी हात आत घालायला लावला होता. पंजा जाईल एवढं सैल पाहिजे, नाहीतर मान सोलते. आमच्या बैलांच्या मानेला कधी फोड आला नाही. तोच हिशेब मी पट्ट्याला लावला. पंजाभर सैल ठेवला आणि उरलेली टोकं फडफडू नयेत म्हणून सुतळीनं गच्च बांधून टाकली.

लेक आली, सीटवर बसली, पट्टा ओढून बघितला.

"आबा, हे आवळून का नाही राहिलं?"

"आवळायचं कशाला? जोत्याला पंजाभर जागा पाहिजे."

"मी काय बैल हाय का?"

"बैलापेक्षा लाडाची हायस, म्हणून तर जास्त सैल ठेवलं."

जावयाला विचारलं तर तो आधी म्हणाला, "मामाचं बरोबर हाय." लेकीनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तसं हिचंबी बरोबर हाय."

बायको दारात तूर पाखडत बसली होती. सूप न थांबवता म्हणाली, "आवं, मग आधी तुम्हीच बसा की. जोतं तुमचं, मानबी तुमचीच."

आता माघार कशी घ्यायची? बसलो. लेकीनं माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं आणि ट्रक घरामागच्या कोरड्या नाल्यात घातला.

पहिल्या बांधावर स्पंज दबला, मीही खाली गेलो. मग स्पंजानं मला असं वर फेकलं की पट्टा राहिला खाली, मी गेलो वर, आणि हेल्मेट ठण्णदिशी पाईपावर. दुसऱ्या बांधाला कमरेचा पट्टा सरकून पोटावर आला, खांद्यावरचा दंडावर. तिसऱ्याला मी "थांब, थांब माय!" म्हणून ओरडलो.

काठावरून जावई म्हणाला, "मामा, कसं वाटून राहिलं?"

"झकास!"

लेक स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसत होती. हसणं संपल्यावर मात्र बोलली ते हळूच बोलली. "आबा, तुम्हाला तीन बांध झाले. मला रविवारी दिवसभर हाय. गाडी उलटली तर हाच पाईप माझ्या डोक्याला हाय."

मी म्हणालो, "स्पंज नवा हाय, बसंल दोन दिवसांत."

"ऱ्हाऊ द्या. उद्या दुपारी निघतो आम्ही. लातुरातच दुसऱ्याकडून करून घेते."

दुसऱ्याकडून! चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेली सीट दुसऱ्यानं उघडली नव्हती.

रात्री जेवायला बसलो. बायकोनं भाकरी वाढता वाढता माझ्या डोक्याकडं बघितलं आणि ओठ दाबले. मी ताटाकडंच बघत होतो, पण डोक्यात तो बांध चालला होता. बैल ओढतो, त्याला मान हलवायला जागा पाहिजे. इथं ओढणारं इंजिन. माणसानं नुसतं जाग्यावर ऱ्हायचं. एवढी साधी गोष्ट, पण मला ती पाईपावर आपटल्याबिगर कळली नाही. कुणाला बोललो नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी पाती घेऊन ट्रकात चढलो. पांढरी कड मीच शिवली होती, मीच उसवली. दोन्ही स्पंज काढून अंगणात टाकले. सुतळ्या कापल्या. लेकीला हाक मारून कडक सीटवर बसवलं. आता तिचे खांदे बरोब्बर मागच्या पाईपाच्या उंचीला आले. कमरेचा पट्टा खाली हाडावर बसवला आणि एकेक टोक धरून ओढत गेलो. "बास आबा, श्वास तर घिऊ द्या!" ती म्हणाली. श्वास घेऊन झाल्यावर मी आणखी बोटभर ओढला.