शनिवारची पाहणी

अर्ज हातात आला की दादा तो वाचत नसत. घडी न मोडता खाटेवर मांडीखाली सरकवत आणि समोरच्याला विचारत, "हे किती वाजता होते?"

समोरचा गोंधळून जाई. त्याने अर्जनविसाकडून ‘सविनय निवेदन’पासून ‘आपला नम्र’पर्यंत सगळं लिहवून आणलेलं असे.

"साहेब, त्यात लिवलं हाये समदं."

"ते वाचतो मी मागून. तू सांग ना गा. नळाले पाणी नाही म्हणते, तर कधी नाही? सकाळी नाही का सांजच्याले नाही?"

मग माणूस बोलायला लागे. बोलता बोलता अर्जात नसलेलं बरंच बाहेर येई. मी शेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसलेला असे. वहीत तीन रकाने होते: नाव, तक्रार आणि वेळ. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वही माझ्याकडे परत सरकवत.

नागपुरात प्रताप नगरातल्या त्यांच्या घराच्या पडवीत मी नऊ वर्षं त्यांचा लिहिणारा म्हणून बसलो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही आमदार पाहिले असतील, त्यांच्या मागेपुढे चालणारी माणसंही पाहिली असतील. हे बुटके, सावळे गृहस्थ सायकलवरून हिंडत. पायजम्याची कड साखळीत अडकू नये म्हणून तिला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधत. सदर भागातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये नवीन शिपाई त्यांना बाकावर बसायला सांगे आणि ते बसत. मला राग येई. मी म्हणे, "दादा, मी आत जाऊन सांगतो." ते म्हणत, "बस बाबू. बाकावरची माणसं काय बोलतात ते आतमंदी नाही ऐकू येत."

निवडून येण्याआधी ते देवीची लस टोचत फिरत. विदर्भातली किती खेडी आणि नागपुरातल्या किती गल्ल्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या, ते त्यांनाही सांगता येत नसे. प्रचाराला आम्ही एखाद्या मोहल्ल्यात शिरलो की बायाबापड्या दंड उघडे करून वण दाखवत. "हे तुमच्याच हातचं हाये, साहेब. लय रडली होती मी." तेही तो वण बारकाईने पाहत आणि म्हणत, "चांगला उठला होता."

वेळ विचारायची खोड त्याच नोकरीतली. दुपारी टोचायला गेलं तर घरात म्हातारी आणि कुत्रं सापडे. सकाळी सहाला गेलं तर अख्खं घर हाताशी येई. त्यातून त्यांनी एक नियम बांधला होता आणि आमदारकीत तोच चालवला. ज्या वेळेची तक्रार असेल त्याच वेळेला जाऊन पाहायचं. आधी नाही, नंतर नाही. पाहिल्याशिवाय ना पत्र, ना विधानसभेत प्रश्न.

आमचा आठवडा असा जाई. रविवारी सकाळी पडवीत लोक. सोमवारी, मंगळवारी सदरच्या कचेऱ्या. बुधवारी पत्रं. गुरुवारी ते विधेयकं वाचत आणि तो त्यांचा सर्वांत कठीण दिवस असे. शिक्षण बेताचं आणि भाषा सरकारी. एकेक कलम मी मोठ्याने वाचायचं आणि अर्थ सांगायचा. ते ऐकून आत हाक मारत, "ऐकून राहिली का वं? या कलमानं तुले काय भेटन?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपाशी असत. त्यांचं उत्तर बहुधा ठरलेलं असे. "मले काय भेटते? तुमचा थंडा झालेला चहा दुसऱ्यांदा गरम करायले भेटते." शुक्रवारी आम्ही आठवड्याचा तिसरा रकाना पाहून पाहण्या वाटून घेत असू. शनिवार पाहणीचा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनवर लाल ज्वारी मिळे आणि तीही आठवड्याच्या हप्त्याने. शनिवारी दुकान बंद झालं की न उचललेला हप्ता बुडाला. नाल्यापलीकडच्या वस्तीतली बहुतेक माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. तिथून गिरजाबाई नावाची बाई एका रविवारी आली. पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. तिने घरोघर फिरून अर्जावर अंगठे घेतले होते. तिच्या मागे पाचसहा जणी उभ्या होत्या.

दादांनी विचारलं, "किती वाजता होते हे?"

"शनवारी, दिवा लावाच्या वक्ताले. मजुरी भेटते शनवारी कामावरून सुटल्यावर. आमी धावत येतो त दुकानाले कुलूप. सोमवारी गेलं तर म्हणते मागचा हप्ता गेला. लेकरं काय खाईन, साहेब? दोन हप्ते झाले, कण्या मागून आणून राहिलो."

दादांनी माझ्या वहीत स्वतः बोट ठेवून ‘शनिवार, दिवेलागण’ असं लिहून घेतलं. हिवाळी अधिवेशन तोंडावर होतं. प्रश्नाची सूचना द्यायला थोडेच दिवस उरले होते. शुक्रवारी ती पाहणी माझ्या वाट्याला आली, कारण त्यांना त्याच वेळी दुसऱ्या टोकाला, बंद पडणाऱ्या पथदिव्यांच्या पाहणीला जायचं होतं.

त्या शनिवारी संध्याकाळी मला धरमपेठेत मुलगी पाहायला जायचं होतं. मी दादांना सांगितलं असतं तर त्यांनी हसून मला पाठवलं असतं आणि दिव्यांचं काम पुढे ढकललं असतं. पण मी सांगितलं नाही. माझ्याकडून एकही पाहणी चुकत नाही, असं ते चारचौघांत सांगत आणि मला ते ऐकायला आवडे. मी भर दुपारी बाराला सायकल काढली आणि नाल्यापलीकडे गेलो. दुकान उघडं होतं. कोपऱ्यात ज्वारीची पोती होती. दुकानदाराने चहा मागवला. "पाहून घ्या साहेब, माल हाये. घेणारेच नाहीत." घेणारे का नाहीत, हे मी विचारलं नाही. घेणारे त्या वेळी उन्हात खडी फोडत होते, हे मला माहीत होतं. तरी मी चहा प्यायलो, घरी आलो, इस्त्रीचे कपडे घातले आणि धरमपेठेत गेलो. मुलगी पसंत पडली.

रविवारी दादांनी विचारलं, "गेला होता?"

"हो."

"मग?"

"दुकान उघडं होतं. माल होता."

"वेळ?"

"लिहिली तीच."

थोड्या वेळाने गिरजाबाई त्या बायांना घेऊन आली. पडवी भरलेली होती. दादांचा आवाज कधी चढत नसे आणि तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले, "बाई, दुकान तर उघडं होतं. आमचा माणूस जाऊन आला. असं खोटं नाही आणा लागत. खऱ्या तक्रारीवाल्यांचा नंबर जाते."

गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं. "हे आले होते? शनवारी, सांजच्याले?"

मी होय म्हणून मान हलवली.

मागच्या बायांपैकी एक कुजबुजली, "आमाले आंगठे कायले लावाले लावले वं मंग?" गिरजाबाईने पदर डोक्यावरून नीट ओढला. "मंग असन, साहेब. आमीच आंधळ्या." एवढं बोलून ती पायऱ्या उतरली.

प्रश्न विधानसभेत गेला नाही. पुढचे तीन रविवार त्या वस्तीतलं एकही माणूस पडवीत आलं नाही. तिसऱ्या रविवारी लोक गेल्यावर दादा म्हणाले, "नाल्यापलीकडचं कोणीच येऊन नाही राहिलं. काहून?" मी वहीत पाहत राहिलो.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी ते कुणाला न सांगता सायकल घेऊन गेले. रविवारी सकाळी पडवीत बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या रेशनच्या बाबतीत मी चुकलो. न पाहता बोललो. त्या बाईच्या घरी जाऊन माफी मागून आलो. कोणी त्या वस्तीतलं भेटलं तर त्याइले सांगा." मी वही घेऊन स्टुलावर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सूचनेची मुदत तोवर निघून गेली होती. तरी अधिवेशनात पुरवठ्यावर चर्चा निघाली तेव्हा ते उठले. मजुरी शनिवारी सुटते, म्हणून शनिवारी दुकान रात्री आठपर्यंत उघडं ठेवा, आणि हप्ता बुडवू नका, पुढच्या आठवड्यात द्या, एवढंच ते बोलले. मंत्र्यांनी तपासून पाहू असं आश्वासन दिलं. दादा पुन्हा उभे राहिले. "किती वाजता तपासाल?" सभागृह हसलं. मी वर गॅलरीत होतो. मलाही हसू यायला हवं होतं. पुढच्या दोन महिन्यांत वेळ बदलली आणि हप्ता बुडणंही थांबलं. पण मधले हप्ते गेले ते गेलेच.

दादांनी मला काढून टाकलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. माझ्या पाहण्या ते तपासायला लागले असते तरी चाललं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पुढच्या शुक्रवारी नेहमीसारख्या पाहण्या वाटल्या आणि मी सांगे ते पूर्वीसारखंच खरं धरून पत्रं लिहवली. त्यानंतर मी एकही वेळ चुकवली नाही. लग्न झालं त्या आठवड्यातही नाही. बायकोला पुढे कधीतरी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय दुसऱ्या दिवशी पळून जाणार होते? रविवारी यायचं होतं."

दादा पुढची निवडणूक हरले. मला सरकारी नोकरी लागली. पडवीतली खाट तशीच राहिली. लोक कमी झाले, पण रविवारी दोघेचौघे तरी येतच. मग त्यांना यकृताचं दुखणं लागलं आणि खाट आतल्या खोलीत गेली. एका दुपारी मी भेटायला गेलो. काकू औषध आणायला बाहेर गेल्या होत्या. मी सांगून टाकलं.

"दादा, त्या रेशनच्या शनिवारी मी बाराला गेलो होतो."

ते छताकडे पाहत पडले होते. "मालूम हाये."

"कुणी सांगितलं?"

"दुकानदारानं. मी कुलपापाशी उभा होतो, तर शेजारून धावत आला. म्हणे, तुमचा माणूस तर दुपारी चहा पिऊन गेला."

"मग मला बोललात का नाही?"

"तू सांगशीन म्हणून थांबलो होतो बाबू. लय दिवस लावले तू." त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. मग म्हणाले, "मले सांगून काय होते? बाईले सांग."

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात जाईन असं ठरवलं. त्या आठवड्यात कचेरीत तपासणी निघाली. त्यापुढच्या आठवड्यात मुलाला ताप होता. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही कारणं नाहीत, हे तुम्हाला कळेल. दादा गेले तोवर मी नाल्यापलीकडे गेलो नव्हतो.

तेराव्यानंतर गेलो. वस्तीत आता पक्की घरं होती. गिरजाबाई थकली होती. दारात बसून अंबाडीची भाजी निवडत होती. मी कोण ते सांगितलं. मग त्या शनिवारचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. ती पानं खुडत ऐकत होती.

"तुमी होय काय ते," ती म्हणाली.

"हो."

"साहेब जिते होते तवा काहून नाही आले?"

उत्तराची वाट न पाहता ती बोलत राहिली, आवाज न चढवता, जणू मी तिथे नव्हतोच.

"मी लय बोलली त्याइले. इथंच, या दारात. वस्ती जमा झाली होती. म्हटलं, तुमी आमाले खोटं पाडलं. आमची लेकरं उपाशी निजली अन् तुमी मलेच खोटी म्हणता. म्हटलं, आमचे आंगठे तुमाले मतापुरतेच दिसते काय. जे तोंडाले आलं ते बोलली. सून मले वढत होती आतमंदी."

"ते काय म्हणाले?"

"काई नाही. हातात सायकल होती, ती भिंतीले टेकवलीसुद्धा नाही. खाली मान घालून आयकत होते." तिने खुडलेल्या पानांवर हात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "एकडाव जरी म्हणले असते का बाई, मी नाही, माहा माणूस खोटं बोलला, तर मी गप झाली असती. ते नाही म्हणले. समदं आयकून घेतलं, अन् मंग म्हणले, बरोबर हाये तुमचं."